आमच्या अभ्यासिकेतली मुलाखतीची खोली

बार्शीत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवते. सासऱ्यांच्या वेळी तिथे आडतीचं गोदाम होतं, ज्वारी आणि तुरीची पोती रचलेली असायची. आता तिथे टेबलं आहेत, पंखे आहेत, पाण्याचा जार आहे आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मुलंमुली बसलेली असतात. बरीचशी एमपीएससीवाली, पोलीस भरतीवाली. पण इंजिनिअरिंग, बी.एस्सी., बी.कॉम. करून खासगी नोकरी शोधणारीही असतात, आणि २०२० नंतर ही मुलं एक नवीनच मागणी घेऊन येऊ लागली. "काकू, उद्या अकराला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. मागची खोली तासभर मिळेल का?"

मागची खोली म्हणजे जुने हिशेबाचे कागद आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची जागा. ती मी रिकामी केली, एक टेबल टाकलं, आणि दाराला 'मुलाखत चालू आहे' अशी पाटी अडकवायला खिळा मारला. वैरागहून येतात, पांगरीहून येतात, उपळ्याहून येतात. काहींच्या गावात रेंज नसते. काहींच्या गावात रेंज असते, पण घरात दीड खोली असते आणि तिथेच आजीची खाट, तिथेच टीव्ही, तिथेच स्वयंपाक. अशा घरातून पुण्या-हैदराबादच्या साहेबांशी तासभर बोलायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळतं.

मी स्वतः कधी कंपनीत नोकरी केलेली नाही. पण माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिला दर आठवड्याला उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. मुलांची बाजू मला इथे रोज दिसते, पलीकडची बाजू तिच्याकडून कळते. दोन्ही बाजू ऐकून माझं एक ठाम मत झालंय : आपली मुलं तयारी भरपूर करतात, पण दिसण्याची करतात. कुठला शर्ट, मागे काय दिसेल, बॅकग्राउंड ब्लर करू का, केस कसे. आवाजाची तयारी जवळपास कुणीच करत नाही. आणि व्हिडिओवरची मुलाखत ही आवाजावर चालते.

भाचीचं वाक्य मी मुलांना नेहमी सांगते. ती म्हणते, "मावशी, चित्र अडकलं तर मी चालवून घेते. आवाज तुटला तर मला त्याचं उत्तरच कळत नाही. दोनदा 'पुन्हा सांगा' म्हणते, तिसऱ्यांदा मलाच अवघड वाटतं, मग मी पुढच्या प्रश्नावर जाते." म्हणजे त्या मुलाला जे येत होतं ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तो नापास झाला तो अभ्यासामुळे नाही.

नेटचे आकडे सांगितले की मुलांची निम्मी भीती जाते, म्हणून इथेही सांगते. झूमच्याच माहितीप्रमाणे दोघांच्या कॉलमध्ये चांगल्या चित्रासाठी सेकंदाला ६०० किलोबिट पुरतात, ७२०पी म्हणजे एचडी चित्र हवं असेल तर १.२ मेगाबिट. नुसत्या आवाजाला मात्र ६० ते ८० किलोबिट लागतात. चित्राला जेवढं नेट लागतं त्याच्या साधारण आठव्या हिश्शात आवाज जातो. त्यामुळे समोरून "तुमचा आवाज तुटतोय" असं आलं की घाबरून लिंक बंद करून पुन्हा जोडत बसायचं नाही. सरळ सांगायचं, "सर, नेटवर्क वीक आहे, दोन मिनिटं व्हिडिओ बंद करू का?" आणि परवानगी मिळाली की कॅमेरा बंद करून बोलत राहायचं. कॅमेरा बंद केल्याबद्दल भाचीच्या माहितीत तरी कुणाचे मार्क गेलेले नाहीत. न सांगता बंद केला तर मात्र शंका येते.

आणखी एक. मुलं स्पीडटेस्ट करतात आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. मुलाखतीत तुमचा आवाज आणि चेहरा इथून तिकडे जायचा असतो, त्यामुळे अपलोडचा आकडा बघा. मोबाइलच्या नेटवर डाउनलोड भरपूर आणि अपलोड अगदीच बारीक, असं संध्याकाळच्या वेळी आमच्याकडे सर्रास होतं. मुलाखत ज्या वेळेला आहे त्याच वेळेला आदल्या दिवशी मोजा. रात्री अकराला मोजलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

आता खोलीच्या आवाजाबद्दल, कारण यात मी बराच जीव घातलाय. खोली रिकामी केली तेव्हा ती छान दिसायला लागली, पण आतून बोललं की डब्यात बोलल्यासारखं घुमायचं. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारी भिंती गुळगुळीत ऑइलपेंटच्या. आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये येतो आणि शब्दांची टोकं बोथट होतात. 'फिफ्टीन' म्हटलंय की 'फिफ्टी', हे पलीकडच्याला कळत नाही. मी लॅपटॉपमागच्या भिंतीवर आणि मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर सोलापुरी चादरी टांगल्या. जाड, दोन्ही बाजूंनी विणलेल्या, खऱ्या सुती. खाली सतरंजी टाकली. कोपऱ्यात जुन्या गाद्यांची वळकटी उभी केली. फरक इतका पडला की पहिल्यांदा तिथे बोलणाऱ्या मुलाला स्वतःचाच आवाज दबल्यासारखा वाटतो आणि तो मोठ्यानं बोलायला लागतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, तू ऐकू येतोयस, हळू बोल. पाठीमागची चादर मुद्दाम साधी, एका रंगाची निवडली, कारण ती कॅमेऱ्यात दिसते. नक्षीवाली समोरच्या भिंतीवर आहे. घरी हे करायचं असेल तर कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा, किंवा पलंगावर गोधड्या पसरून ठेवा. पैसे लागत नाहीत.

माइकचं म्हणाल तर ड्रॉवरमध्ये मी वायरवाले इयरफोन ठेवलेत, साधे, काही शे रुपयांचे. मुलं आपले ब्लूटूथवाले काढतात आणि म्हणतात, काकू हे भारीतले आहेत. असतीलही. पण ब्लूटूथची एक खोड आहे : गाणी ऐकताना आवाज उत्तम येतो, आणि त्याचाच माइक चालू झाला की तो बोलण्याच्या वेगळ्या पद्धतीवर जातो, जिथे आवाज बराच दाबून पाठवला जातो. आपल्याला ते कळत नाही, पलीकडच्याला कळतं. शिवाय मधेच बॅटरी संपणं, मधेच शेजारच्या फोनला जोडलं जाणं. वायरीला यातलं काहीच होत नाही. फक्त माइक शर्टाच्या बटणावर किंवा ओढणीवर घासू देऊ नका. हात हलवत बोलणाऱ्या मुलांचं हे फार होतं, पलीकडे खरखर ऐकू जाते.

बोलण्याच्या लयीबद्दलही सांगितलं पाहिजे. समोरासमोर बोलताना समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण मान डोलावतो, 'हो' म्हणतो, कधी उत्तर सुरूही करतो. व्हिडिओवर तसं चालत नाही, कारण आवाज पोचायला वेळ लागतो. टेलिफोन व्यवस्थेची जागतिक मानकं ठरवणाऱ्या आयटीयूनं एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं सांगून ठेवलंय, त्याच्या वर गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आमच्याकडच्या मोबाइल नेटवर विलंब याच्या वर सहज जातो. म्हणून प्रश्न संपला की एक श्वास घ्या, मग सुरू करा. समोरच्याला तो विचार वाटतो, घाई वाटत नाही. आणि दोघं एकदम बोलायला लागलात तर तुम्ही थांबा, "प्लीज, सर" म्हणा. भाची सांगते की दोघांचं बोलणं आपटल्यावर मुलगा जो गोंधळतो, त्यातून बाहेर यायला त्याला पुढचे दोन प्रश्न लागतात.

प्रकाशाचं थोडक्यात. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे उजेड असला की कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. मग मुलं रंगाची चिंता करत क्रीम लावतात, दोष खिडकीचा असतो. आमच्या खोलीला खिडकी लहान आहे, म्हणून मी समोर ट्यूब लावली. जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसायचे. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि लॅपटॉपचा कॅमेरा ६० वर लावलेला होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० केलं आणि पट्टे गेले. ज्यांच्या चित्रात असे पट्टे दिसतात त्यांनी ट्यूब बदलण्याआधी हे बघावं.

लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला तर तो खालून वर बघतो, नाकपुड्या आणि पंखा दिसतो. आमच्याकडे गाइडांना तोटा नाही. चार-पाच जाड गाइडं खाली घातली की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. समोरच्याची खिडकी लहान करून बरोबर कॅमेऱ्याखाली सरकवून ठेवा. मग तुम्ही त्याच्याकडे बघत असलात तरी कॅमेऱ्याकडे बघितल्यासारखं दिसतं, कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे डोळे वटारून बसावं लागत नाही. मोबाइलवर मुलाखत देणार असाल तर तो आडवा आणि टेकवून ठेवा. हातात धरू नका.

विजेचं प्रकरण आमच्या भागात सोडून चालत नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात वायफायचा राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जातात. लॅपटॉप चालू, दिवा चालू, आणि मुलाखत मात्र बंद. त्यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, डब्याएवढा. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा, बहुतेकांवर १२ असतं, काहींवर ९. तेवढाच घ्या. महावितरणकडे ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस आधी येतो. ज्या घरात तो नंबर अजून आजोबांच्या बंद पडलेल्या सिमचा आहे त्यांनी तो बदलून घ्यावा. चौकशीला १९१२ आहे.

आणि दुसरी सोय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन, हॉटस्पॉट चालू करून बाजूला. एकाच कंपनीची दोन सिमं असून उपयोग नाही, टॉवर गेला की दोन्ही जातात. ज्या फोनवर मुलाखत चालू आहे त्यावर फोन आला तर आवाज तुटतो. फोन वायफायवर असेल तर फ्लाइट मोड टाकून नुसतं वायफाय चालू ठेवा आणि सेटिंगमधलं वायफाय कॉलिंग बंद करा, म्हणजे साधा कॉल येणार नाही. मात्र घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. एका मुलाच्या आईनं फोन लागेना म्हणून घाबरून आमच्या घरच्या नंबरवर चार वेळा फोन केला होता, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे येते. आवाज नीट पोचला, पण त्यातून जातंय काय?

पांगरीची एक मुलगी होती, बी.एस्सी. केमिस्ट्री. औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी पहिली फेरी व्हिडिओवर होती. ती आदल्या दिवशी आली तेव्हा तिनं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर यूट्यूबवरून पाठ केलेलं होतं. हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर. भाषा चांगली होती, अडखळत नव्हती, पण मी डोळे मिटून ऐकलं तेव्हा त्यात ती कुठेच नव्हती. हेच उत्तर त्या दिवशी आणखी किती मुलींनी दिलं असेल.

मी तिला म्हटलं, इंग्रजी राहू दे. तू कॉलेजच्या लॅबमध्ये नेमकं काय करायचीस ते मला मराठीत सांग, मला केमिस्ट्री येत नाही असं धरून. तिनं टायट्रेशन सांगितलं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून त्याचं प्रमाण मोजायचं. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी, आधी त्याच द्रावणानं विसळायचं, नाहीतर आत राहिलेल्या पाण्यानं ते पातळ होतं. रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. शेवटी शेवटी तोटी इतकी हळू सोडायची की अर्धा थेंब टोकाला लटकतो, तो फ्लास्कच्या कडेला लावून पाण्यानं आत धुवायचा. फिका गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद झाला म्हणजे पुढे गेलो, ते रीडिंग धरायचं नाही. हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकली होती आणि दोन्ही हातांनी ब्युरेटची तोटी फिरवून दाखवत होती. मला केमिस्ट्री येत नसून ते सगळं समोर दिसलं.

म्हटलं, बाई, हेच सांगायचं. आता हेच इंग्रजीत सांग. व्याकरण चुकलं तर चुकू दे. ब्युरेट, एंडपॉइंट, रीडिंग हे शब्द इंग्रजीतच आहेत, ते तुला येतातच. मधे 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' एवढंच घालायचं आहे. संध्याकाळभर ती ते सांगत होती, भाचीला गूगल मीटवर दोनदा सांगून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं गेलं की तुमची तीन रीडिंग एकमेकांशी जुळली नाहीत तर काय कराल. हा प्रश्न पाठ केलेल्या कुठल्याही उत्तरात नव्हता. पण तिनं लॅबमध्ये ते केलेलं होतं, त्यामुळे ती म्हणाली की आधी ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिलाय का ते बघेन, मग तोटी गळतेय का ते बघेन, आणि कुठलंही रीडिंग खोडणार नाही, वहीत तसंच ठेवून पुन्हा घेईन. ती आता कुरकुंभ एमआयडीसीत आहे.

आमच्याकडच्या मुलांना वाटतं की सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही. एक बी.कॉम.चा मुलगा दोन वर्षं कृषी सेवा केंद्रात टॅलीवर नोंदी करत होता, मालकाच्या सीएकडे जायचे जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटीच्या विवरणपत्रांचे आकडे तोच काढून द्यायचा, आणि बायोडेटात लिहिलं होतं 'अनुभव : नाही'. पगारपत्रक नव्हतं म्हणून तो त्याला अनुभवच समजत नव्हता. खताची पोती कुठल्या कराच्या दरात, बियाणं कुठल्या, हे त्याला तोंडपाठ होतं. अशा मुलाला अकाउंट्सच्या जागेसाठी आणखी काय तयारी लागते? जे केलंय ते मोठ्यानं सांगायची सवय लागते, बस्स. मनात म्हटलेलं उत्तर आणि तोंडातून निघालेलं उत्तर यांत फार अंतर असतं. मनात ते एका मिनिटाचं असतं, बाहेर ते चार मिनिटांचं होतं किंवा वीस सेकंदांत संपतं.

म्हणून मी सरावाचा आग्रह धरते, आणि तो खऱ्यासारखाच, व्हिडिओवर. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी कॉल बंद होतो. दोघंच असाल तर गूगल मीटवर ती अडचण येत नाही. तीन जण झालात तर तिथे एक तासाची मर्यादा आहे. आमच्यात एक मुलगा वरच्या गच्चीवर बसून साहेब होतो आणि दुसरा खालच्या खोलीत उमेदवार. रेकॉर्ड करतात, आणि मग बघतात. स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही. तरी एकदा डोळे मिटून नुसता ऐकाच. वाक्याचा शेवट गिळला जातो का, दर दोन शब्दांनंतर 'ॲक्च्युअली' येतंय का, आपण प्रश्नाचं उत्तर देतोय की आधी ठरवून आलेलं काहीतरी सांगतोय, हे चित्र बंद केल्यावर लगेच कळतं.

अलीकडे मुलं विचारतात, काकू, बाजूच्या मोबाइलवर चॅटजीपीटी उघडून ठेवू का? मी नाही म्हणते, आणि त्याचं कारणही सांगते. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. प्रश्नानंतर एक ठरावीक शांतता, मग एकदम सरळ, गुळगुळीत वाक्यं, हे ऐकू येतं. भाची म्हणते, मला असं वाटलं की मी मधेच तोडून विचारते, "हे तुम्ही कुठे केलंय?" आणि तिथे सगळं थांबतं. तयारी करताना वापरा, हवं तेवढं वापरा. माझ्या विषयावरचे वीस अवघड प्रश्न काढून दे म्हणा आणि त्यांची उत्तरं मोठ्यानं द्या. मुलाखतीत टेबलावर फक्त एक कोरा कागद, पेन, छापलेला बायोडेटा आणि पाणी.

काही कंपन्यांत पहिल्या फेरीला समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात, मग ठरलेल्या वेळात उत्तर रेकॉर्ड करायचं. याला मुलं फार घाबरतात. मशीन आपल्या चेहऱ्यावरून मार्क देतं, असं त्यांनी ऐकलेलं असतं. या कामातली हायरव्ह्यू ही मोठी अमेरिकी कंपनी चेहऱ्याचं असं विश्लेषण करायची, त्यावर खूप टीका झाली आणि २०२१ च्या सुरुवातीला तिनं ते बंद केल्याचं जाहीर केलं. बोललेले शब्द मात्र तपासले जाऊ शकतात. तेव्हा पुन्हा तेच, स्पष्ट बोला. समोर कुणी मान डोलावणारं नसल्यामुळे मुलं घाईत उरकतात, म्हणून मी लॅपटॉपच्या मागे खुर्चीवर सरावाच्या वेळी कुणालातरी बसवते. त्याच्याशी बोलायचं. एकदा ती सवय झाली की खुर्ची रिकामी असली तरी चालतं.

फसवणुकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोकरीच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर टेलिग्रामवर मुलाखत, दहा मिनिटांत निवड, आणि मग नोंदणीचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, ट्रेनिंगचे पैसे. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनाही असे मेसेज येतात, नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह लावून. कुठलीही चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. मेल कुठून आलाय, त्यातलं '@' नंतरचं नाव कंपनीच्या वेबसाइटचंच आहे का, हे बघा. तांत्रिक अडचण सोडवतो म्हणून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगितलं तर तिथेच बंद करा, त्यातून तुमचा फोन त्यांच्या हातात जातो. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि त्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या घाईत राहून जातात. मेलमधली वेळ जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लिहिलेली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ५:३० जीएमटी म्हणजे आपले सकाळचे अकरा. टीम्स, झूम किंवा मीट, जे असेल ते आदल्या दिवशीच टाकून माइकची आणि कॅमेऱ्याची परवानगी देऊन ठेवा. झूमला चाचणीची मीटिंग असते, टीम्समध्ये टेस्ट कॉल असतो. पडद्यावर तुमचं नाव काय दिसतंय ते बघा. वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यावरून जोडलं की त्यांचं नाव दिसतं, आणि पहिली दोन मिनिटं मी तो नाही हे समजावण्यात जातात. दहा मिनिटं आधी जोडून बाहेर थांबलात तरी हरकत नाही.

आसपासच्या आवाजाचं मी बघते. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांना सांगितलं की ते तेवढा वेळ दळण थांबवतात, आणि आजवर त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. गणपतीत आणि लग्नसराईत स्पीकरचं काही करता येत नाही. त्या दिवसांत मी मुलांना सांगते की मुलाखत सुरू होतानाच नम्रपणे सांगून टाका, बाहेर उत्सव आहे, आवाज आला तर समजून घ्या, आणि बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवा. सांगितलेला आवाज पलीकडच्याला टोचत नाही.

खोलीत एक दोनशे पानी वही ठेवलीय. मुलाखत झाली की बाहेर यायच्या आत त्यात लिहायचं : कुठल्या कामासाठी, किती जण होते, काय काय विचारलं, कुठे अडलो. कंपनीचं नाव लिहिलं नाही तरी चालतं, प्रश्न मात्र जसे विचारले तसे लिहायचे. ती वही आता अभ्यासिकेतलं सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं पुस्तक झालीय. तिच्यात 'तुमच्या गावाहून पुण्याला यायला तयार आहात का', 'एक वर्षाचं अंतर का पडलं', 'तुम्ही केलेल्या प्रोजेक्टमधला तुमचा स्वतःचा भाग कोणता' हे पुन्हा पुन्हा येतात. वर्षाच्या अंतराबद्दल मुलं फार अस्वस्थ असतात. ज्यांनी सरळ सांगितलं की एमपीएससीची तयारी करत होतो, त्यात अमुक टप्प्यापर्यंत गेलो, आता नोकरीत यायचं ठरवलंय, त्यांना पुढे कुणी खोदून विचारलेलं वहीत दिसत नाही. कारणं रचून सांगणाऱ्यांनाच जास्त प्रश्न आलेत.

माझी अडचण आता सरावाला माणसं मिळण्याची आहे. मुलं एकमेकांचे साहेब होतात, पण त्यांना पुढचा प्रश्न सुचत नाही, आणि भाचीचा शनिवार किती जणांना पुरणार. तुमच्यापैकी जे कंपनीत आहेत, पुण्यात असोत, बंगळुरूला असोत की परदेशात, त्यांनी महिन्यातून एखाद्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास दिला तर इथल्या एका मुलाची किंवा मुलीची सरावाची मुलाखत होते. केमिस्ट्री, अकाउंट्स, मेकॅनिकल, सॉफ्टवेअर, कुठलाही विषय चालेल. मराठीतून सुरू करा, मधेच इंग्रजीवर जा. झाल्यावर त्याला दोन गोष्टी मोकळेपणानं सांगा, एक चांगली आणि एक सुधारायची. वेळ कळवलीत की खोली, नेट आणि मुलगा तयार ठेवायचं काम माझं.